कशावरून? मुंबईच्या विमानवारशाच्या एका फेरीचं प्रकरण

फेरी आखायची ठरली ती एका भांडणातून. भाची सातवीत आहे. तिने शाळेच्या प्रकल्पात ‘जगातलं पहिलं विमान 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर उडालं’ असं लिहिलं. आमच्या मजल्यावरचे काका, म्हणजे कलिन्याला एअर इंडियाच्या इंजिन शॉपमध्ये तीस-बत्तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले गृहस्थ, ते वाचून खवळले. ‘कशावरून?’ एवढंच ते म्हणाले. भाची म्हणाली, ‘सगळे म्हणतात.’ मी मध्ये पडलो आणि बोलून गेलो, की मुंबईत विमानांचा इतका इतिहास आहे, एक रविवार फिरूनच बघू. बोललो ते अंगाशी आलं.

गाइड नको, बस नको, वर्गणी नको. चार पानांचा कागद हातात असावा आणि तो वाचत कुणालाही लोकल, रिक्षा आणि पायांवर फेरी करता यावी, एवढीच कल्पना होती. त्या कागदाच्या तीन आवृत्त्या झाल्या. तिन्हींची ही हकीकत.

पहिली आवृत्ती: सनावळीप्रमाणे

शिकवण्याची सवय असलेला माणूस जे करतो तेच मी केलं, इतिहास सनावळीने लावला. 1895, चौपाटी. 1928, जुहूचा विमानतळ. 1932, टाटांची टपाल. मग फोर्टात टाटांची मुख्य कचेरी, बॉम्बे हाउस. 8 जून 1948, सांताक्रूझच्या विमानतळाहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान ‘मलबार प्रिन्सेस’. शेवटी 1974 ची नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत. कागदावर झकास दिसत होतं.

रविवारी सकाळी नऊला चर्नी रोडला उतरलो. मी, भाची, तिचा धाकटा भाऊ आणि काका. चौपाटीवर उभं राहून मी शिवकर बापूजी तळपद्यांची गोष्ट वाचून दाखवली. चिराबाजारात राहणारे, संस्कृत जाणणारे, जे. जे. कलाशाळेत शिकवणारे गृहस्थ, ‘मरुत्सखा’ नावाचं यंत्र, जमलेली गर्दी. भाचीने समोर पाहिलं. वाळू, भेळेच्या गाड्या, पलीकडे मलबार हिल. तिने विचारलं, ‘मामा, फोटो आहे का?’

नाही. फोटो नाही, यंत्राचा सुटा भाग नाही. ‘केसरी’त बातमी आली होती असं सगळे सांगतात, पण तो अंक मला अजून कुणी उघडून दाखवलेला नाही. या गोष्टीला ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं नाव चिकटलं आहे, त्या पोथीची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये चिकित्सा केली. पोथी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तीत वर्णन केलेली विमानं उडण्यासारखी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे होऊन गेले आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उडण्याबद्दल. यातलं काहीच माझ्या कागदावर नव्हतं. कागदावर होतं ‘येथे विमान उडाले’.

काका काही बोलले नाहीत. समुद्राकडे बघत राहिले, आणि ते जास्त लागलं.

मग सनावळीने आम्हाला थेट जुहूला नेलं. तासभर गेला. विलेपार्ल्याला उतरून स्वामी विवेकानंद रोडने विमानतळाच्या फाटकापाशी गेलो आणि मी वाचायला लागलो: ‘1928 साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ...’ फाटकावरच्या माणसाने विचारलं, कोण तुम्ही, पास आहे का? नव्हता. परवानगी मागितली नव्हती, ती मागायची असते हेही डोक्यात आलं नव्हतं. त्याने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. भिंतीपाशी उभं राहून उरलेलं वाचलं. मुलांना दिसत होती ती फक्त भिंत.

तिथून पुन्हा फोर्ट. मग पुन्हा सांताक्रूझ. मग पुन्हा नरिमन पॉइंट! काका दादरलाच म्हणाले, ‘मी निघतो रे, गुडघे बोलायला लागले.’ तीन वाजता भाचीच्या टाचेला फोड आला होता आणि धाकटा लोकलमध्ये झोपला होता. एअर इंडिया इमारत आम्ही पाहिलीच नाही.

इतिहासाचा क्रम आणि गावाचा क्रम वेगळा असतो, ही पहिली चूक. ती नकाशा घेऊन बसलं की सुटते. दुसरी चूक खोलवरची होती. मी ठिकाणं निवडली होती ती तिथे काय घडलं यावरून. तिथे उभ्या राहिलेल्या पोराला काय दिसतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

विमानांच्या बाबतीत हा प्रश्न फारच अवघड होतो. किल्ल्याचा बुरूज पडला तरी दगड राहतात. विमान उडून जातं, मोडीत निघतं, किंवा कुंपणाच्या आत उभं असतं. ‘विक्रांत’चंच बघा. विमानं वाहणारं आपलं पहिलं जहाज, 1971 चं युद्ध गाजवलेलं, पुढे 2001 ते 2012 पर्यंत मुंबईतच संग्रहालय म्हणून उभं होतं. पोरांना नेऊन डेकवर उभं करावं असं याहून चांगलं ठिकाण दुसरं नसतं. 2014 मध्ये ते भंगारात निघालं. आता लायन गेटजवळ त्याच्या लोखंडातून घडवलेलं एक स्मारक आहे. चांगलं आहे. पण डेक तो डेक.

दुसरी आवृत्ती: ‘कशावरून?’चा रकाना

दुसऱ्या कागदावर प्रत्येक थांब्यापुढे एक कोरा रकाना ठेवला आणि त्याला काकांचा शब्द दिला: ‘कशावरून?’ इथे उभं राहून जे दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं ते मुलांनी लिहायचं. ज्या थांब्यावर रकान्यात लिहायला काहीच निघणार नाही, तो थांबा काढायचा. या कात्रीत अर्धे थांबे गेले. फाटक गेलं. जिथे आत जाता येत नाही ते सगळं गेलं. चौपाटी आणि फोर्ट झालं की पुढचा रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे, पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर, एकाच दिशेने ठेवला.

चौपाटी राहिली. काका म्हणाले काढ, मी म्हटलं नाही. जिथे रकाना कोरा राहतो असा एक तरी थांबा हवा, आणि तो पहिलाच असला तर पुढे मुलं जपून लिहितात. भाचीने तिथे काय लिहिलं ते मी मुद्दाम पाहिलं. ‘माहीत नाही’ असं लिहून तिने खाली रेघ मारली होती.

दुसरा थांबा जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय, आणि हा मला स्वतःला फार आवडतो. विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरची ही जॉन बेगची इमारत 1913 ला पुरी झाली. विलायतेची टपाल तेव्हा बोटीने मुंबईला उतरायची आणि इथून आगगाड्यांनी देशभर जायची. मुंबई ही टपालाची वेस होती. मग 1929 मध्ये इम्पीरियल एअरवेजचं विमान लंडनची टपाल घेऊन कराचीला यायला लागलं. वेस कराचीला सरकली! म्हणजे विमानाने मुंबईचं महत्त्व आधी कमी केलं. कराचीला आलेली टपाल मुंबईला आणि पुढे मद्रासला लवकर कशी पोचवायची, या अडचणीतून टाटांची विमानसेवा उभी राहिली. ‘पहिलं उड्डाण, पहिलं उड्डाण’ असा घोष आपण करतो, पण ते उड्डाण खरं म्हणजे कराचीच्या बोरीतली पत्रं आणून टाकण्याचं काम होतं. घुमटाखाली उभं राहिलं की ही साखळी समजते. रकान्यात धाकट्याने लिहिलं, ‘खूप खिडक्या. पत्रं खूप असणार.’ मला पुरेसं वाटलं.

बॉम्बे हाउसला, जॉर्ज विटेटच्या 1924 च्या दगडी इमारतीला, आम्ही पाच मिनिटं दिली. मुलांना टाटांपेक्षा तिथे मुक्कामाला असलेल्या भटक्या कुत्र्यांत रस होता. असू दे. एअर इंडिया इमारत चर्चगेटच्या वाटेवरून लांबूनच दाखवली. तेवीस मजले, जॉन बर्गीचं काम. मुख्य कचेरी 2013 मध्ये दिल्लीला गेली, विमान कंपनी 2022 मध्ये पुन्हा टाटांकडे गेली आणि इमारत मात्र सरकारी खात्यावरच राहिली. ती 1601 कोटींना घ्यायचं पुढे महाराष्ट्र सरकारने ठरवलं. भाची म्हणाली, ‘विमानं कुणाची आणि घर कुणाचं!’ एका वाक्यात तिने सगळं निर्गुंतवणूक प्रकरण गुंडाळलं.

चर्चगेटहून महालक्ष्मी, तिथून नेहरू विज्ञान केंद्र. अख्ख्या फेरीत खऱ्याखुऱ्या विमानाच्या जवळ जाता येतं ते इथे. एचएफ-24 ‘मरुत’, कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेलं लढाऊ विमान, पहिलं उड्डाण 17 जून 1961. ‘मरुत्सखा’वरून निघून ‘मरुत’पाशी आलो हे भाचीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. आणि इथे काका बोलायला लागले. तोवर ते आमच्याबरोबर नुसते चालत होते. हात मागे बांधून त्यांनी विमानाला पुरी एक प्रदक्षिणा घातली, मग शेपटाकडून वाकून इंजिनाच्या तोंडात पाहिलं. ‘अंग चांगलं होतं याचं. दम नव्हता,’ ते म्हणाले. हे खरंच आहे. विमानाच्या मापाचं जोरदार इंजिन काही मिळालं नाही आणि ‘मरुत’ ठरवलेल्या वेगापर्यंत कधी पोचलंच नाही. दहा मिनिटं काका बोलत होते आणि मुलं ऐकत होती. माझा कागद घडी करून खिशात.

वाळूतलं विमान

आता जुहू. फाटक टाळायचं तर पाहायचं काय? 15 ऑक्टोबर 1932 ला अठ्ठावीस वर्षांचे जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एकटे ‘पुस मॉथ’ हे छोटं विमान घेऊन जिथे उतरले, तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही. ते विमानही तिथे नाही. पण विमानाची मापं आहेत, आणि जुहूला वाळूला तोटा नाही.

शिवणकामाची टेप, एक लांब सुतळी आणि काठी, एवढं सामान कागदात लिहून ठेवलं होतं. पुस मॉथच्या पंखांचा पसारा सुमारे 11.2 मीटर, लांबी 7.6 मीटर. सुतळीला गाठी मारल्या, ओल्या वाळूत काठीने पंख ओढले, शेपूट ओढलं. वैमानिकाची जागा काढली आणि भाचीला तिथे बसवलं. ती बसल्यावर विमान एकदम लहान झालं. टपालाचं वजन 25 किलो होतं. आपल्याकडे तांदळाची गोणी येते तेवढं. ‘एवढ्यासाठी कराचीहून?’ ती म्हणाली. एवढ्यासाठीच. पुढची मद्रासपर्यंतची टपाल नेव्हिल व्हिन्सेंटने बेल्लारीमार्गे नेली. व्यवसायात तो त्यांचा भागीदार, आणि मूळ कल्पना त्याचीच.

पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर. जे.आर.डी. हे स्वतः सांगत. काका म्हणाले, त्यात काय नवल, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिथल्या विमानतळाचंही तेच झालं. मिठी नदी धावपट्टीखालून वाहते, ती काय ऐकणार आहे?

पुस मॉथशेजारी दुसरं विमान काढायला घेतलं ते डीसी-8, मोठं प्रवासी जेट. त्याचे पंख 43 मीटर. सुतळी संपली, पावलांवर मोजलं, तरी एका बाजूचं टोक लाटांत गेलं. हे विमान का काढायचं? कारण 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं असंच एक डीसी-8 सांताक्रूझला उतरायचं ते चुकून जुहूला उतरलं. धावपट्टी संपली तरी ते थांबलं नाही. माणसं वाचली, विमान कामातून गेलं. त्याआधी 1953 मध्ये ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट जेटनेही तीच चूक केली होती. त्यातून काही बिघडलं नाही, आणि काही दिवसांनी ते तिथूनच उडवून नेलं.

दोन वेळा तीच चूक कशी होते, हे रकान्यात लिहिता येतं. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि फोनमधलं होकायंत्र उघडायचं. धावपट्टीचं नाव म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढलेली. जुहूची 08, म्हणजे 80 अंशांच्या आसपास. सांताक्रूझची 09, म्हणजे 90. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम दोन किलोमीटर. समुद्रावरून येणाऱ्याला दोन जवळपास समांतर पट्ट्या, आणि आधी दिसणार ती जुहूची. तीही खरी धावपट्टीच. फरक लांबीत, जुहूची 1143 मीटर आणि सांताक्रूझची जवळपास साडेतीन किलोमीटर. भाचीने फोन आधी 80 वर फिरवला, मग 90 वर. मान जेमतेम हलली. ‘एवढाच फरक?’ असं लिहिलं तिने. ‘कशावरून?’च्या रकान्यातला सगळ्यात चांगला मजकूर तोच.

तेवढ्यात एक हेलिकॉप्टर डोक्यावरून विमानतळाकडे गेलं. मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं इथूनच नेतात-आणतात. काकांनी न बघता सांगितलं, ‘भरून आलंय.’ कशावरून, असं मुलांनी ओरडून विचारलं. ‘आवाजावरून,’ काका म्हणाले. ते खरं होतं की पोरांना फिरवत होते, मला कळलं नाही.

तिसरी आवृत्ती: आम्ही नसताना

कागद चांगला की वाईट हे आपण बरोबर असताना कळत नाही. म्हणून तो खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दिला. नवरा, बायको, दोन मुलगे. मी घरी बसलो.

चारच्या सुमाराला फोन आला. कागदावर मी लिहिलं होतं, ‘स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पवनहंस सांगा, तिथून किनाऱ्याकडे चाला.’ आमच्या डोक्यात पवनहंस म्हणजे हेलिकॉप्टरची कंपनी. रिक्षावाल्याच्या डोक्यात पवनहंस म्हणजे स्मशान. अख्ख्या पार्ल्यात त्या स्मशानभूमीला हेच नाव पडलंय, सिनेमातल्या मोठमोठ्या माणसांचे अंत्यसंस्कार तिथे होतात. रिक्षावाला वाटभर एक शब्द बोलला नाही, आरशातून मुलांकडे पाहून मान हलवत राहिला आणि फाटकाशी उतरवताना त्याने वरचे पैसे घेतले नाहीत. वहिनी फोनवर हसत होत्या की चिडल्या होत्या, सांगणं कठीण. बारा वर्षं पार्ल्यात काढून मला हे सुचू नये! आता तिथे ‘जुहू चौपाटी’ एवढंच लिहिलंय.

त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी कळल्या. रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वेचा ब्लॉक असतो हे मी लिहिलं नव्हतं, त्यात त्यांचा पाऊण तास गेला. आणि वाळूतलं विमान भरतीच्या वेळी काढताच येत नाही. आता कागदाच्या डोक्यावर पहिली ओळ आहे: आधी ओहोटीची वेळ बघा, मग रविवार ठरवा. ओहोटी संध्याकाळची हवी.

संध्याकाळची हवी याला आणखी एक कारण आहे. ते मी मुलांच्या पानांवर लिहिलेलं नाही, मोठ्यांच्या पानावर आहे. सांताक्रूझवरून उडालेली विमानं बहुतेक दिवशी जुहूच्या अंगाने समुद्रावर येतात आणि मग वळतात. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’, आपलं पहिलं जम्बो, असंच समुद्रावर आलं. कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र चुकीचं दाखवत होतं. बाहेर बघून ताळा करावा तर बाहेर काळोख. डावीकडे कलत गेलेलं विमान वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. दोनशे तेरा माणसं होती, एकही वाचलं नाही. काका तेव्हा नोकरीला नवे होते. या थांब्यावर ते फक्त वार सांगतात. रविवार होता.

आमच्या फेरीच्या दिवशी आम्ही काळोख पडेपर्यंत थांबलो होतो. पुस मॉथचा डावा पंख पाण्याने नेला होता, उजवा शिल्लक होता. एक विमान वर आलं, दिवे लुकलुकत पश्चिमेकडे गेलं. मुलं त्याच्याकडे बघत होती आणि काका समुद्राकडे. थोड्या वेळाने भाचीने विचारलं, ‘मामा, मघाशी पाणी संपून आकाश सुरू होत होतं ती रेघ कुठे गेली?’

काकांनी तिच्या हातातला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: सहा पंचेचाळीस, रेघ दिसत नाही.